मॉडेल रेल्वेवर खान्देशातली नदी: तळ रंगवण्यापासून रेझिन ओतण्यापर्यंत

माझ्या लेआउटवरची (मॉडेल रेल्वेसाठी फळीवर मांडलेल्या देखाव्यावरची) पहिली नदी निळी होती. परदेशी लोकांचे व्हिडिओ बघून मी झक्क निळा रंग आणला, तळाला फासला, वरून रेझिन (हार्डनर मिसळलं की घट्ट होणारा पारदर्शक द्रव) ओतलं आणि आठवडाभर स्वतःवरच खूश होतो. मग अमळनेरची मामी आली. चष्मा पुसून पुलाखाली वाकून बघितलं आणि म्हणाली, "भो, हाई तापीनं पानी शे? हाई ते नीळनं पानी दिसस!" कपड्यांना घालायची नीळ. त्यानंतर मला ती नदी बघवेना. दिवाळीत सगळी खरवडून काढली.

त्या खरवडण्यात एक गोष्ट कळली. मॉडेलमधलं पाणी म्हणजे बाटलीतलं रेझिन नव्हे. पाणी दिसतं ते तळामुळे आणि काठामुळे, रेझिन त्याला नुसती चकाकी देतं. तळ आणि काठ जमले असतील तर साधं ग्लॉस वार्निशही चालून जातं. ते बिघडले तर कितीही महागडं रेझिन ओता, काचेखालचा रंग दिसतो. म्हणून या लेखात ओतायचा भाग बराच उशिरा येईल.

कोणती नदी, कोणता महिना

आधी महिना ठरवा. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावणारी तापी चांगदेवला पूर्णेला भेटते आणि पुढे भुसावळजवळून पश्चिमेला जाते. पण ती वर्षभर एकच नदी नसते. श्रावणात हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की पाणी दूध कमी पडलेल्या चहासारखं होतं, तळ दिसायचा प्रश्नच नसतो. दिवाळीनंतर ते निवळून शेवाळी हिरवं होतं. एप्रिल-मेमध्ये वाळू, मधेच एखादा डोह आणि पात्रात टरबुजाच्या वाड्या. तिन्ही बनवता येतात, पण प्रत्येकाची रीत वेगळी आहे. बाकीचा लेआउटही त्याच महिन्यात असायला हवा. काठावर कपाशी फुटलेली पांढरी आणि खाली पूर आलेला, असं चित्र इथला माणूस एका नजरेत पकडतो. केळीचं बरं, ती बारा महिने हिरवी.

मग माप. एचओ स्केल म्हणजे १:८७. नदीचं पात्र अर्धा किलोमीटर धरलं तर लेआउटवर पावणेसहा मीटर लागतील. तेवढी खोली माझ्याकडे नाही, तुमच्याकडेही नसणार. दुसखेड्याकडे जाताना लागणारा तापीचा पूल अख्खा बनवायचा हट्ट सोडा. त्यातले दोन-तीन गाळे, एक वाहती धार आणि दोन्ही बाजूंना वाळू एवढं घ्या. साठ सेंटिमीटर रुंदी म्हणजे खरे बावन्न मीटर, म्हणजे वाघूरसारखी नदी आरामात बसते. पाचोरा-जामनेर नॅरोगेजचा विषय घेतला तर आणखी सोपं. तो मार्ग ७६२ मिलिमीटर गेजचा, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर तेवढं. १:८७ मध्ये ते पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास येतं, त्यामुळे एचओपेक्षा लहान अशा एन स्केलचे ९ मिलिमीटरचे रूळ जवळपास जसेच्या तसे चालतात. त्या गाडीखाली नाल्यावरची छोटी मोरीच शोभते.

हात अगदीच नवा असेल तर आधी शेततळं करा. चौकोनी खड्डा, चारही बाजूंनी उतार, त्यावर काळ्या प्लास्टिकचं अस्तर (कचऱ्याच्या काळ्या पिशवीचा तुकडा), आत हिरवट पाणी. काठ नाही, प्रवाह नाही, आणि रावेर-यावल पट्ट्यातून गाडीने जाताना शेतांत दिसतं ते अगदी असंच. चुकलं तर उचलून फेकता येतं. दुसरा सोपा विषय रुळांच्या शेजारीच आहे. भराव घालताना माती काढलेले लांबट खड्डे पावसाळ्यात भरतात, त्यात गवत आणि बगळे. मॉडेलमध्ये ते क्वचितच कुणी करतं, आणि केले की भराव एकदम खरा वाटायला लागतो.

पात्र खणणे

तळाला १२ मिलिमीटरची प्लायवुड. तिच्यावर गवंड्याची पाणसळ ठेवून दोन्ही दिशांनी बुडबुडा मधोमध येईपर्यंत लेआउटचे पाय उचला-बसवा. हे सर्वात कंटाळवाणं काम आहे आणि यात कुचराई केली तर पुढे इलाज नाही. रेझिन घट्ट होण्याआधी पाण्यासारखंच वागतं. उतार असेल तर सगळं एका टोकाला जमा होईल, तिथे अर्धा इंच आणि इथे कोरडं. वाहत्या नदीला उतार असतो हे खरं, पण मॉडेलमध्ये नदी सपाटच ठेवायची आणि उतार दाखवायचा असेल तर मधे बंधारा घालायचा. त्याबद्दल पुढे.

काठांसाठी फोम. निळा किंवा गुलाबी इन्सुलेशन फोम मिळाला तर उत्तम, नाहीतर पॅकिंगचा थर्माकोल. तापीचे काठ उंच, गाळाच्या पिवळसर मातीचे आणि घळींनी कापलेले आहेत. दहा मीटरचा काठ म्हणजे एचओत साडेअकरा सेंटिमीटर, हे लक्षात असू द्या. बहुतेक लोक काठ दोन बोटांचे करतात आणि मग नदी गटारासारखी दिसते. वळणाच्या बाहेरच्या बाजूला काठ उभा ठेवा, कारण तिथे पाणी माती कापतं. आतल्या बाजूला वाळूचा पसरट उतार येऊ द्या. ही एक गोष्ट पाळली तरी नदी आखल्यासारखी न दिसता वाहून झाल्यासारखी दिसते.

फोमवर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेल्या गॉजच्या पट्ट्या, त्यावर वॉल पुट्टीचा हात. पुट्टी ओली असताना जुन्या टूथब्रशने उभ्या रेघा ओढल्या की पावसाने कापलेली माती तयार. वाळल्यावर फेविकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं करून दोन हात द्या. हे भोकं बुजवण्यासाठी आहे. रात्री खोलीतला दिवा बंद करून लेआउटच्या खालून टॉर्च फिरवा. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल, तिथून रेझिन गळणार. टाचणीएवढ्या भोकातून रात्रभरात कपभर रेझिन खाली जातं आणि सकाळी फरशीवर घट्ट झालेलं सापडतं.

इथे एक इशारा, कारण त्याची किंमत मी मोजली आहे. एका दुकानात "रेझिन द्या" म्हटलं तर त्यांनी फायबरच्या पत्र्याला वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन दिलं, सोबत हार्डनरची छोटी बाटली. स्वस्त होतं, मीही विचारलं नाही. ओतल्यावर दहा मिनिटांत थर्माकोलचा काठ आतून खचायला लागला. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन, ते त्यात विरघळतं. तापीचा उजवा काठ माझ्या डोळ्यांदेखत तापीत गेला. डब्यावर 'इपॉक्सी' लिहिलेलं आहे का ते वाचा, आणि थर्माकोलच्या तुकड्यावर थेंबभर लावून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

माती आणि वाळू

खरी माती वापरा, विकतची पावडर नको. काळी माती, काठावरची पिवळी माती आणि नदीची वाळू, प्रत्येकी एक वाटी पुरते. पण वाळूचा एक मिलिमीटरचा कण एचओत जवळपास नऊ सेंटिमीटरचा होतो, म्हणजे हाताच्या मुठीएवढा गोटा. म्हणून चहाच्या गाळणीत उरेल ती वाळू दगडगोटे म्हणून, मैद्याच्या चाळणीतून पडेल ती रेती म्हणून, आणि कपड्यातून वस्त्रगाळ केलेली माती म्हणून वापरा. धुऊन दोन दिवस उन्हात वाळवा. मे महिन्यात एक दुपार पुरते.

मग त्यावरून चुंबक फिरवा. हे टाळू नका. आपले दगड काळे, बसाल्टचे. त्यांच्या वाळूत मॅग्नेटाइटचे काळे कण असतात आणि ते चुंबकाला झुपक्याने चिकटतात. लेआउटवर राहिले तर इंजिनाच्या मोटरमधलं चुंबक त्यांना ओढून घेतं आणि एक दिवस इंजिन करकरत थांबतं. चुंबकाला आधी प्लास्टिकची पिशवी गुंडाळा, म्हणजे पिशवी काढली की कण आपोआप पडतात. वाटीभर वाळूतून चमचाभर काळी भुकटी निघाली तर आश्चर्य नको.

पात्रात फेविकॉल पसरून आधी मोठे गोटे, मग रेती, मग वस्त्रगाळ माती, अशी ओल्यावर भुरभुरवा. गोटे सगळीकडे सारखे पसरू नका. खऱ्या नदीत ते धारेच्या कडेला आणि वळणावर गोळा होतात, डोहात गाळ बसतो. वाळल्यावर पातळ फेविकॉलमध्ये भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून ड्रॉपरने सोडा. साबणामुळे गोंद मातीवर गोळा न होता आत मुरतो.

तळाचा रंग

दिवाळीनंतरच्या निवळ पाण्याचं उदाहरण घेतो. डोहाच्या जागी बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), काळा आणि ऑलिव्ह हिरवा मिळून जवळजवळ काळपट रंग. काठाकडे येताना त्यात यलो ऑकर (मातकट पिवळा) वाढवत न्यायचा, आणि शेवटच्या दोन बोटांत रंग न लावता वाळूच उघडी ठेवायची. दोन रंगांच्या सीमेवर दोन्ही ओले असताना ओल्या ब्रशने घासा, रेघ उरता कामा नये. खोली दाखवायचं सगळं काम हा रंग करतो. तीन मिलिमीटर रेझिनखाली काळपट तळ असला की दहा फूट डोह वाटतो, म्हणून प्रत्यक्षात खोल खणायची गरज नाही.

पुराचं पाणी करायचं असेल तर हे सगळं सोडून द्या. तळ एकसारखा मातकट रंगवा आणि रेझिनमध्येच कोरड्या गेरूची चिमूट आणि पिवडीची दोन चिमूट टाका. गेरू जास्त झाला की पाणी विटेच्या रंगाचं दिसतं. सगळं एकदम मिसळू नका, थोडं कमी रंगाचं रेझिन वेगळं ठेवून काडीने प्रवाहाच्या दिशेने ओढा. पुराच्या पाण्यात पट्टे असतात.

पुलाचे खांब आता बसवा, रेझिननंतर नको. नंतर चिकटवलेला खांब पाण्यावर ठेवल्यासारखा दिसतो. खांबाच्या बाजूचा तळ जरा जास्त काळा करा, कारण प्रवाह खांबाला वळसा घालताना तिथली वाळू उकरतो आणि खळगा पडतो. खांबावर पुराच्या पातळीपर्यंत पातळ मातकट रंगाचा हात द्या, वरची कडा सरळ पण किंचित धूसर. आणि वरच्या अंगाला, जिथे पाणी आदळतं, तिथे अडकलेला कचरा: नारळाच्या दोऱ्याचे तुकडे, सुकलेली मुळं, एखादी चिंधी. वाघूरच्या पुलाखाली पाऊस संपल्यावर जाऊन बघा, पूर कुठवर आला होता हे त्या कचऱ्यावरून कळतं. माझ्या लेआउटवर पाहुणे सर्वात आधी बोट दाखवतात ते या चिंधीकडे.

रेझिन ओतणे

आधी हिशेब. पात्र ६० सेंटिमीटर लांब, १५ रुंद आणि थर ३ मिलिमीटर, म्हणजे २७० मिली. गोट्यांमध्ये मुरणारं आणि कपाला चिकटणारं धरून ३०० मिली बनवा. प्रमाण २:१ असेल तर २०० मिली रेझिन आणि १०० मिली हार्डनर. तुमच्या बाटलीवर १:१ किंवा ३:१ असेल, आणि ते वजनाने आहे की मापाने हेही वाचा. अंदाजपंचे ओतलं तर ते कायमचं चिकट राहतं. हार्डनर जास्त घातला की लवकर सुकेल हा समज चुकीचा आहे.

लेआउटची कडा जिथे नदी कापते, तिथे बांध घालावा लागतो. ॲक्रिलिकच्या पट्टीवर तपकिरी पॅकिंग टेप ताणून चिकटवा, टेपची बाजू आत, आणि सांधे ग्लू गनने बंद करा. इपॉक्सी या टेपला धरत नाही, पट्टी नंतर अलगद सुटते.

आता खान्देशाचा खास प्रश्न: हवा. इपॉक्सी सुकताना स्वतःच उष्णता सोडतं, आणि हवा जितकी गरम तितकी ही क्रिया वेगाने होते. दहा अंश वाढले की हातात असलेला वेळ साधारण निम्मा होतो. बाटलीवर २५ अंशाला ४० मिनिटं लिहिलं असेल तर मेच्या दुपारी ४५ अंशाला दहा मिनिटांत कपातच धूर निघू शकतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला हंगाम. उन्हाळ्यात करायचंच असेल तर पहाटे पाचला, थोडं-थोडं मिसळून. उरलेलं रेझिन प्लास्टिकच्या कपात ठेवून झोपायला जाऊ नका. बाहेर गच्चीवर फरशीवर पातळ पसरून द्या.

आणि कूलर बंद. हे मी एका अख्ख्या नदीच्या बदल्यात शिकलो. खोली थंड राहावी म्हणून कूलर लावून ओतलं, सकाळी पाण्यावर दुधाळ साय. कूलर हवेत ओलावा फेकतो, आणि ओल्या हवेत हार्डनरमुळे इपॉक्सीवर चिकट पांढुरका थर येतो. वरवरचा असेल तर कोमट पाण्याने पुसून निघतो, माझा आतपर्यंत गेला होता. पावसाळ्यातही हाच धोका. शिवाय कूलर धूळ उडवतो, आणि कपाशी वेचणीच्या दिवसांत घरात तरंगणारे तंतू बरोबर ओल्या रेझिनवर उतरतात. ओतून झालं की वर पुठ्ठ्याचं झाकण ठेवा.

नायट्राइलचे हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. इपॉक्सी वारंवार अंगाला लागलं तर कायमची ॲलर्जी होऊ शकते. कप तीन-चार मिनिटं सावकाश ढवळा, फेटू नका. कडा आणि तळ खरवडत राहा. मग ते दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून परत मिनिटभर ढवळा, कारण पहिल्या कपाच्या कोपऱ्यात न मिसळलेलं राहतंच. डोहाच्या जागी बारीक धारेने ओता आणि काडीने काठाकडे ओढत न्या. दहा मिनिटांनी बुडबुडे वर येतात. हीट गन किंवा हेअर ड्रायर हलकेच वरून फिरवा, एका जागी थांबू नका. एका वेळी तीन मिलिमीटरपेक्षा जाड थर नको. दुसरा थर दुसऱ्या दिवशी. चोवीस तास हात लावू नका, आणि तीन दिवस त्यावर काही ठेवू नका.

काठावर रेझिन वर चढलेलं दिसेल, जसं वातीतून तेल चढतं. कोरड्या वाळूला ओला काळा पट्टा पडतो. थोडा पट्टा छानच दिसतो, खऱ्या नदीलाही ओला काठ असतो. जास्त चढलं तर सुकल्यावर त्यावर परत वस्त्रगाळ माती आणि गोंद.

लाटा, बंधारा, आणि राहिलेलं

रेझिन सुकलं की पाणी आरशासारखं दिसतं. डोहाला तेच शोभतं. वाहत्या धारेला तरंग हवेत, तर ग्लॉस जेल मीडियम (वाळल्यावर पारदर्शक होणारं घट्ट ॲक्रिलिक जेल) चपट्या ब्रशने थोपटत लावा. हात आवरा: पाच मिलिमीटरचं टोक म्हणजे एचओत त्रेचाळीस सेंटिमीटरची लाट, ती समुद्रात शोभेल. खांबाच्या पुढे छोटी फुगवटी आणि मागे इंग्रजी व्हीसारख्या दोन रेघा, एवढं बास.

बंधाऱ्यासाठी आपल्याकडे सुंदर नमुना आहे. धुळे जिल्ह्यात पांझरा आणि तिला मिळणाऱ्या कान नदीवर फड पद्धतीचे (गावाने मिळून शेतीला पाणी वाटून घ्यायच्या पद्धतीचे) जुने दगड-चुन्याचे बंधारे आहेत. बंधारा मधे घातला की वरची आणि खालची नदी दोन वेगळ्या सपाट पातळ्यांवर ओतता येते, आणि पाणसळीचा प्रश्न सुटतो. पडणारं पाणी असं करा: ओएचपीच्या पारदर्शक कागदावर पारदर्शक सिलिकॉनच्या उभ्या धारा सोडा, कंगव्याने एकदा खाली ओढा, रात्रभर वाळू द्या, मग सोलून काढून बंधाऱ्याच्या दगडांवर बसवा. सिलिकॉनला रंग धरत नाही, म्हणून वरून जेल मीडियमचा पातळ हात आणि त्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने पांढरा. खाली जिथे पाणी आपटतं तिथे पांढरा थोडा जास्त. कापूस चिकटवू नका. आपल्याकडे कापूस मुबलक आहे म्हणून मोह होतो, पण लेआउटवर तो कापूसच दिसतो.

राहिली सजावट. जलपर्णी हवी तर हिरव्या फोमची भुकटी डोहाच्या एका कोपऱ्यात, सगळीकडे नको. ती प्रवाहात वाहून कडेला साचते. धुणं धुणाऱ्या बाया दगडाजवळ, बगळे उथळ पाण्यात. नदी खिडकीच्या उन्हात ठेवू नका, इपॉक्सी पिवळं पडतं. धूळ मऊ ब्रशने झटका, ओल्या फडक्याने रेझिन धूसर होतं.

माझ्या सध्याच्या नदीत दुसऱ्या खांबाजवळ एक मोठा बुडबुडा अडकला, नखाएवढा. फोडायला गेलो तर खळगा झाला. त्यात आता तीन म्हशी बसवल्या आहेत, फक्त पाठ आणि शिंगं वर. मामी परत आली तेव्हा बराच वेळ वाकून बघत होती. मग विचारलं, "म्हशी कोन्या शेतस?"